मुकिंदानं आत्याचा प्रचार केला

एका नगरपालिकेच्या गावात एक भोळा भाचा राहत होता. नाव मुकिंदा. भोळा म्हणजे किती? "पायाकडे बघून चाल" म्हटलं की समोरच्या म्हशीवर जाऊन आदळणारा. पण सांगितलेलं कधी विसरायचा नाही. तीच तर पंचाईत होती!

त्याची सुभद्राआत्या निवडणुकीला उभी होती. निशाणी छत्री. याआधी दोनदा पडली होती बिचारी. "यंदा पडले तर गावाला तोंड दाखवायची नाही," असं सगळ्यांना सांगून बसली होती. समोर वामनशेठ, निशाणी पंखा.

आता त्यांच्या वॉर्डाची तऱ्हा ऐका. वरची आळी आत्याच्या घराण्याची, खालची वामनशेठच्या. तिथं घराण्यानं विजेचा खांब उभा केला असता तरी मतं खांबालाच पडली असती. राहिली मधली आळी. ती शेवटपर्यंत थांग लागू द्यायची नाही, आणि द्यायची तेव्हा झाडून सगळी मतं एकालाच. मधली आळी ज्याची, नगरसेवक त्याचा.

आत्याच्या माणसांचं मधल्या आळीत घरटी एकेक भांडण झालेलं. मुकिंदाशी मात्र कुणाचंच वाकडं नव्हतं. म्हणून आत्यानं त्यालाच पाठवलं आणि बजावलं, "हे बघ, मत गुप्त असतं. कोण कुणाला देणार हे विचारायचं नाही, सांगायचं नाही."

"बरं," मुकिंदा म्हणाला.

गेला पहिल्या घरी. "मावशी, मत द्या."

"कुणाला रे?"

"ते गुप्त असतं."

"अरे, पण उभं कोण आहे?"

"तेच तर सांगायचं नाही!"

अख्खी आळी अशीच पालथी घातली त्यानं. आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, नाव घ्यायचं! दारात पाय ठेवला की ओरडायचं, येऊन येऊन येणार कोण, आत्याशिवाय आहेच कोण!"

"मग आधी नाही का सांगायचं?" मुकिंदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आळीच्या तोंडाशीच, केरूतात्यांच्या दारात, ही गर्दी! तात्या पहाटे वारले होते. बाया रडत होत्या. मुकिंदानं दारात पाय ठेवला, तिरडीशेजारी उभा राहिला आणि घसा ताणून ओरडला, "येऊन येऊन येणार कोण?"

रडणं एकदम थांबलं. तात्यांचा थोरला मुलगा चप्पल शोधायला लागला.

मुकिंदा धापा टाकत घरी आला. आत्या तर रडायचीच बाकी होती. "मेल्या, अशी मंडळी जमलेली दिसली की मान खाली घालायची! म्हणायचं, फार वाईट झालं, देवाच्या मनात होतं, आता धीर धरा."

"बरं."

पुढं काय झालं, मधल्या आळीची मंडळी पारावर बसली. मुकिंदाला बोलावलं. म्हातारे दगडूअण्णा हसत म्हणाले, "जा, आत्याला सांग. दोनदा पडली बिचारी. यंदा आमची सगळी मतं छत्रीला."

मुकिंदानं मान खाली घातली. "फार वाईट झालं. देवाच्या मनात होतं. आता धीर धरा."

मग एकजण म्हणाला, "घरचंच माणूस असं म्हणतंय? कुठंतरी पाणी मुरतंय."

"अहो, भोळं पोर ते! त्याचं काय मनाला लावून घेता?" अण्णा म्हणाले.

झालं, जुंपली! पागोटी उडायची तेवढी राहिली. आणि आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. मधली आळी फुटली. अर्धी छत्रीकडे, अर्धी पंख्याकडे.

मतमोजणी झाली. दोघांना सारखी मतं! पुन्हा मोजली, तरी सारखीच. निवडणुकीचे साहेब म्हणाले, "आता चिठ्ठी टाकू. ज्याचं नाव पहिलं निघेल तो उमेदवार निवडून आला."

साहेब चिठ्ठ्या लिहीपर्यंत चहा आला. मुकिंदानं पहिला कप आत्याच्या हातात दिला. वामनशेठ नुसते बघत राहिले. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "अरे, चारचौघांत वागायची काही रीत? आधी समोरच्याला द्यायचं. आपल्या माणसाला मागाहून."

"बरं," म्हणत मुकिंदानं तिच्या तोंडाला लागलेला कप काढून घेतला आणि वामनशेठला दिला.

चिठ्ठी काढायची कुणी? वामनशेठच म्हणाले, "मुकिंदाला काढू द्या. तो लबाडी करायचा नाही. त्याला जमायचीच नाही." आत्यालाही ते पटलं.

साहेबांनी बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. दोन चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. आत्यानं डोळे मिटून हात जोडले. वामनशेठनंही मिटले. साहेबांच्या पेनाचं टोपण पडलं, ते शोधायला टेबलाखाली वाकले.

मुकिंदानं डब्यात हात घातला. एक चिठ्ठी काढली. उघडून वाचली. नीट घडी घालून परत डब्यात टाकली. मग दुसरी काढली आणि वामनशेठच्या हातात अदबीनं ठेवली.

वामनशेठनं डोळे उघडले. साहेबांनी डोकं वर काढून चिठ्ठी वाचली आणि जाहीर केलं, "वामनशेठ विजयी!"

बाहेर ताशा कडाडला. गुलाल खिडकीतून आत आला. आत्या मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडायला लागली.

मुकिंदानं पुन्हा डब्यात हात घातला.

"अगं, रडतेस काय आत्या? तुझीपण आहे की आत! मघाशी पहिल्यांदा तीच हाताला लागली होती. म्हटलं, आधी समोरच्याला देऊ."