एक पत्ता, दोन यंत्रे

घाटावरच्या एका गावात एक रुग्णालय होते. तिथल्या संगणकांची देखभाल हेरंब नावाचा तरुण करी. तो हुशार होता. पण कुणाला काही विचारणे त्याच्या जिवावर येई.

एकदा डॉक्टरांना क्ष-किरण चित्रे आपापल्या संगणकावर पाहायची सोय हवी होती. नवे यंत्र घेण्याची गरज नव्हती. एका घराला दोन दारे असावीत, तसे एका सर्व्हरला, म्हणजे सगळ्या संगणकांना माहिती पुरवणाऱ्या मुख्य यंत्राला, नेटवर्कवर दोन पत्ते देता येतात. हेरंबने एक पत्ता निवडला. त्या पत्त्यावर संदेश धाडून पाहिला. उत्तर आले नाही. पत्ता मोकळा आहे असे समजून त्याने तो सर्व्हरला जोडला. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तरी पत्ता टिकावा, म्हणून सर्व्हरमध्ये त्याची कायमची नोंदही करून टाकली.

खरे तर तो पत्ता प्रयोगशाळेच्या यंत्राचा होता. साफसफाईसाठी ते यंत्र तेवढ्यापुरते बंद होते.

दुपारी ते सुरू झाले आणि एकाच पत्त्यावर दोन यंत्रे आल्याने संदेश भलतीकडे जाऊ लागले. त्याच वेळी एका बाळंतिणीला रक्त द्यायचे होते. प्रयोगशाळेच्या वसुधाताई धावत आल्या.

"हेरंब, डॉक्टर रक्तगटाचा अहवाल मागताहेत, आणि तो त्यांना उघडतच नाहीये!"

हेरंबने प्रयोगशाळेच्या यंत्राचा पत्ता तपासला; तोच पत्ता त्याने सर्व्हरला दिला होता. त्याने सर्व्हरचा जादा पत्ता लगेच काढला. अहवाल उघडला, रक्त मिळाले, बाई वाचली.

वसुधाताई म्हणाल्या, "आमचं यंत्रच जुनं झालंय. बदलायला सांगते."

हेरंब गप्प राहिला असता, तर कुणाला काही कळले नसते.  पण तो म्हणाला, "ताई, यंत्र चांगलं आहे. तुमचा पत्ता मी न विचारता दुसरीकडे दिला होता."

ताईंचा चेहरा कठोर झाला. "बाई वाचली म्हणून बरं. आता काढलास ना तो?"

"काढला."

"आणि वीज गेली, यंत्रं पुन्हा सुरू झाली, तर?"

हेरंब चपापला. चालू सर्व्हरवरून पत्ता निघाला होता, पण नोंद तशीच होती. तो उठला आणि ती नोंद पुसून आला.

संध्याकाळी वीज गेली आणि आली. सर्व्हर पुन्हा सुरू झाला. प्रयोगशाळेचे अहवाल मात्र बिनचूक पोचत राहिले. दुसऱ्या दिवशी हेरंब प्रत्येक विभागात जाऊन विचारत होता, "तुमच्याकडे कोणकोणते पत्ते वापरात आहेत?"

तात्पर्य: गुपचूप निस्तरलेली चूक मुळाशी तशीच राहते; मोकळेपणाने कबूल केली, तरच ती पुरती दूर होते.