सोनकीने मागितलेला थंडावा

ही गोष्ट थोडी रडवणारी आहे, हं. आधीच सांगून ठेवते.

डोंगराखाली एका झोपडीत सोनकी राहायची. बाबा नव्हते. आई दुसऱ्याच्या मळ्यात मोगऱ्याच्या कळ्या खुडायची आणि सोनकी रांगत्या पिरूला, आपल्या भावाला, सांभाळायची.

एकदा पिरूला ताप चढला. अंग नुसतं तव्यासारखं! आईने दारं लावली आणि त्याला गोधडीत गच्च गुंडाळलं.

"वारं लागलं तर ताप डोक्यात जाईल गं," ती म्हणाली. तिकडे सगळे तसंच करत. पिरू दूधही तोंडाला लावेना.

सोनकी रडत ओढ्याकाठी गेली. तिथे निळ्याजांभळ्या फुलपाखरांमधून एक इवलीशी परी उतरली. सोनचाफ्याच्या पाकळीचा झगा, दवासारखे लखलखते पंख!

"रडू नकोस, छकुले. दोन इच्छा देते. पण मागशील तेवढंच मिळेल, कणभरही जास्त नाही. आणि घडून गेलेलं मला पुसता येत नाही."

"पिरूचा ताप उतरू दे!"

परी काही बोलणार होती, पण इच्छा मागून झाली होती.

घरी पिरूचं अंग गारेगार! आईने सोनकीला पोटाशी धरलं. निजलाय तर निजू दे, म्हणून दिवसभर त्याला कुणी हलवलं नाही. दुसऱ्या सकाळी आईने उचललं, तर मान ताठ, डोळे उघडेनात, हाकेला हूं की चूं नाही.

सोनकी ओढ्याकडे धावत सुटली. "परी, ताप तर गेला ना गं?"

"ताप म्हणजे नुसता धूर होता, राणी. आग आतच आहे. ती विझवायला डॉक्टर लागतात, ते माझ्या हातात नाही."

"मग आम्हाला त्यांच्याकडे पोचव. आत्ताच्या आत्ता!"

सोनकी घरी धावली, तर दारात मोतिया रंगाची पालखी उभी! "उघड्यावर नको गं नेऊस," आई कळवळली. पण सोनकीने पिरूला उचललंच. पालखी तिघांना घेऊन डोंगरापलीकडच्या दवाखान्यात उतरली.

पुष्कळ दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला, बाई. पण उशीर झाला होता. याला आता ऐकू येणार नाही."

आईने पिरूला उराशी धरलं. "मीच झाकून ठेवलं गं त्याला."

"नाही आई, मीच चुकीचं मागितलं."

दोघी खूप रडल्या. मलाही इथे दर वेळी रडू येतं.

तेवढ्यात परी आली. "तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस, सोनकी. म्हणून हे न मागता देते. आता तुझी बोटं बोलतील." तिने सोनकीच्या बोटांवर हळूच फुंकर घातली. गुलाबी, सोनेरी, पोपटी कण चमचमले. उजेड वाढत गेला आणि परी त्यातच विरून गेली.

"पिरू!" सोनकीने मागून हाक मारली. तो वळला नाही.

मग ती त्याच्यासमोर जाऊन बसली आणि बोटांची चिमणी करून भुर्रकन उडवली. पिरूने टकामका पाहिलं आणि तो खदखदून हसला.

ते हसू त्याला ऐकू आलं नाही. आईला आलं, सोनकीला आलं.