गावच्या बागेला कुलूप

एका गावात एक तांबट राहायचा. हाताचा मोठा कसबी. त्याची घागर घ्यायला लांबलांबची माणसं यायची. पण स्वभाव कसा, तर आपलं तेच खरं! सकाळी दुकान उघडलं की ठोक ठोक सुरू, ती दिवेलागणीपर्यंत. घरी बायको आणि म्हातारी आई. त्या दिवसभर काय करतात, कुठे जातात, याचा या गृहस्थाला पत्ता नाही. वेळेला ताट समोर आलं की झालं.

त्या गावाला नदीकाठी एक बाग होती. कुणा एकाची नव्हे बरं का, अख्ख्या गावाची. करंज, जांभूळ, बकुळ, खाली दगडी ओटे. एक माळी आणि त्याची बायको ती राखायचे, आणि त्यांच्यासाठी सुगी झाली की घरटी एक पायली जोंधळे निघायचे. दर पाच वर्षांनी चावडीवर मत घ्यायचे, बाग अशीच चालवायची का? दोन मडकी मांडायची, एक 'हो'चं, एक 'नको'चं. एका घराला एक चिंचोका, आणि तो टाकायचा घरच्या कर्त्याने. टाकण्याआधी घरात विचारावं, हे मात्र आजवर एकाही कर्त्याला सुचलं नव्हतं. शहाणेच सगळे!

त्या वर्षी चावडीवर एक व्यापारी आला. म्हणाला, "बाग मला द्या. गावाचा एक दाणा नको. जो आत येईल त्याच्याकडून मी पैसा घेईन."

लोक कुजबुजायला लागले. तेवढ्यात आमचा तांबट उठला. "बरोबर आहे की! माझी घागर ज्याला हवी तो दाम मोजून नेतो. बागेचंही तसंच करा. मी बारा वर्षांत तिकडे फिरकलो नाही. मग माझी पायली का म्हणून?"

झालं! पाटलाने चिंचोके मोजले, आणि 'नको'च्या मडक्यात एक जास्त निघाला. एकच! तांबट तर अगदी फुशारून घरी गेला. जेवताना म्हणाला, "पायली वाचवली आज." बायको काही बोलायला गेली, पण हा हात धुऊन उठलासुद्धा.

बागेला फाटक लागलं, कुलूप लागलं, दाराशी रखवालदार बसला. माळी आणि त्याची बायको बोचकं बांधून दुसऱ्या गावी गेली. इकडे तांबटाच्या आईचं जेवण तुटलं. तोंड काळवंडलं. तांबट म्हणाला, "वय झालं आता." आणि गेला दुकानात.

एके दिवशी भर दुपारी त्याच्या हातोड्याचा दांडा मोडला. दुसरा घ्यायला तो घरी आला, तर आई जागेवर नाही.

"आई कुठेय?"

"बागेपाशी असतील," बायको म्हणाली. "रोज जातात."

"आई? बागेत? हे कधीपासून?"

"अहो, मी या घरात आले त्याच्याही आधीपासून."

तांबट धावतच सुटला. बागेशी पोचला आणि त्याचे डोळे पांढरे झाले. कुलूप लावलेल्या फाटकाबाहेर, रणरणत्या उन्हात, रस्त्याच्या धुळीत सहा म्हाताऱ्या बसल्या होत्या. बैलगाडी गेली की पदर तोंडाला लावायच्या, धूळ बसली की पुन्हा बोलायला लागायच्या. त्यात त्याची आई!

"अगं आई, उन्हात काय बसलीस अशी?"

"मग कुठे बसू, बाबा? सावली आत राहिली, आणि तिला आता पैसा पडतो."

"मला सांगायचं नाहीस?"

"तू विचारलंस कधी?" आई म्हणाली. "तुझे वडील गेले तेव्हा मी भिंतींशी बोलायला लागले होते. या बायांनी हाताला धरून इथे आणलं. बावीस वर्षं झाली. एवढं दोन घटका माणसांत बसते, म्हणून जगले." मग डोळे बारीक करून तिने विचारलं, "एका चिंचोक्याने बाग गेली म्हणतात. कोण रे मेला तो?"

तांबट कसाबसा म्हणाला, "मी."

आईने नुसतं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तांबटाने घाईघाईने रखवालदाराच्या हातावर पैसा ठेवला, आईला आत नेलं, बकुळीखालच्या ओट्यावर बसवलं. आईने इकडेतिकडे पाहिलं. बागेत चिटपाखरू नव्हतं. ती उठली.

"चल बाहेर."

"का गं? मी रोजचा पैसा भरतो ना तुझा!"

"अरे, मी काय झाडं मोजायला येत होते?" आई म्हणाली, आणि बाहेर येऊन पुन्हा त्या पाचजणींच्यात धुळीत बसली.

तांबट पाटलाकडे गेला, हातापाया पडला. पाटील म्हणाला, "बाबा रे, करार पाच वर्षांचा आहे. गावाने शब्द दिलाय, आता माझ्या हातात काही नाही."

पाच वर्षं! म्हाताऱ्या माणसाला पाच वर्षं म्हणजे किती असतात, ते तांबटाला तेव्हा कळलं.

पुन्हा मताचा दिवस आला, तेव्हा फाटकाबाहेर तिघीच उरल्या होत्या. तांबटाची आई त्यांत नव्हती. तांबट त्या दिवशी पहाटेपासून दारोदार फिरला. दिसेल त्या कर्त्याला हात जोडून म्हणाला, "चावडीवर मग या. आधी आत जाऊन विचारा. सगळ्यांना विचारा." लोक आत गेले, आणि बाहेर आले ते खाली माना घालून.

'नको'चं मडकं रिकामं निघालं. कुलूप काढलं, पोरंबाळं आरडाओरडा करत आत पळाली. तिघी म्हाताऱ्या हळूहळू गेल्या आणि बकुळीखाली बसल्या. तांबट बाजूला उभा होता. चाचरत म्हणाला, "मावशी, मी बसू का इथे?"

"बस की," त्या म्हणाल्या, आणि जरा सरकल्या. "इथे तुझी आईच बसायची."

तात्पर्य: जिथे आपला पाय पडत नाही, तिथेच आपल्या माणसाचा जीव रमलेला असू शकतो, म्हणून सगळ्यांच्या जागेवर मत देण्याआधी निदान आपल्या घरात तरी विचारावं.