तिवड्याभोवतीचा फेरा

एका जंगलाच्या कडेला एक खळे होते, आणि त्या खळ्याचा एक नियम होता. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने सगळ्यांच्या देखत मधल्या तिवड्याला फेरा घालायचा आणि म्हणायचे, "मी आता तुमचा" किंवा "मी आता तुमची." तोवर त्याला खाण्यात वाटा नाही. मुलांनो, तिवडा म्हणजे मळणीच्या वेळी बैल ज्या खांबाभोवती फिरतात तो खांब. हा नियम का आहे, असे कोणी विचारायचे नाही, हासुद्धा नियमच होता. तो म्हाताऱ्या बैलाने घातला होता. त्याचे सारे आयुष्य त्या खांबाभोवती फिरण्यात गेले होते, त्यामुळे जगात दुसरे काही करण्यासारखे असते हे त्याला ठाऊक नव्हते.

एके दिवशी मालकिणीने गावातून पोत्यात घालून एक मांजर आणली. ती कोणाच्या तरी बंद खोलीत उपाशी सापडली होती. पोते सुटले तशी मांजर विजेसारखी पळाली आणि कडब्याच्या गंजीखालच्या फटीत शिरली. आत फक्त दोन डोळे दिसत राहिले.

"काय गं, वडीलधाऱ्यांनी हाक मारली तर ओ द्यायची रीत नाही वाटतं तुमच्यात?" कुत्रा फटीशी तोंड नेऊन म्हणाला.

"लाजते म्हणे!" शेळी म्हणाली. "आम्हाला बाई लाजायला सवड नव्हती. आल्या दिवशी फिरले मी, पाय लटलट कापत होते तरी."

"भूक लागली की येईल," बैल म्हणाला. "भुकेसारखा गुरू नाही."

खळ्यावर एक तलंग होती, म्हणजे अजून अंडे न घातलेली तरुण कोंबडी. तिला हे पटले नाही. ती फटीजवळ गेली आणि फटीकडे पाठ करून बसली. आपल्या वाट्याची दुधात भिजलेली भाकरी तिने थोडी मागे सारली.

"मांजरीच्या दारात कोंबडी!" कुत्रा खो खो हसला. "ताट आपल्या पायांनी चालत आलंय!"

तलंग हलली नाही. मागे न बघता ती हळूच म्हणाली, "तू बाहेर ये असं मी म्हणणार नाही. मी इथं दाणे टिपत बसणार आहे, एवढंच."

ती रोज तिथे बसू लागली. आधी भाकरी तशीच राहायची. मग कोणी बघत नसताना ती नाहीशी होऊ लागली. एका दुपारी फटीतून मिशा दिसल्या, मग नाक, मग एक पंजा उन्हात आला आणि तिथेच टेकून राहिला. तलंगेने श्वाससुद्धा जपून घेतला.

"गावातली माणसं गोल करून उभी राहायची," आतून बारीक आवाज आला. मांजर पहिल्यांदाच बोलत होती. "मी मधे. जिकडे पळेन तिकडे पाय. आणि दगड."

तलंग तशीच बैलाकडे धावली. "आजोबा, तिला गोलाची भीती वाटते हो! म्हणून ती येत नाही. ती माझ्याशी बोलली, पंजा बाहेर काढला तिने. तिला थोडे दिवस द्या. फेऱ्याचं राहू द्या."

"आज हिला गोलाची भीती, उद्या तुला खांबाची," बैल रवंथ करत म्हणाला. "कारणं ऐकत बसलं की नियम उरत नाही, पोरी. तू अजून अंडं घातलं नाहीस. चार पावसाळे काढ, मग शिकव आम्हाला."

मळणी सरली त्या दिवशी मालकिणीने सगळ्यांना गूळ दिला. सगळे खुशीत होते, आणि खुशीत असल्यामुळे त्यांना मांजरीचे भले करावेसे वाटले. "एकदा फिरली की भीती मोडेल," शेळी म्हणाली. तलंग आडवी आली, तिला शेळीने शिंगाने बाजूला केले. कुत्र्याने गंजी विसकटली, मांजरीला मानेला धरून आणले आणि तिवड्याजवळ ठेवले. सगळे गोल करून उभे राहिले.

मांजर पळाली नाही. पळायला जागाच नव्हती. ती जमिनीला चिकटली आणि तिच्याखालची माती ओली झाली. बैलाने शिंगाने तिला हळूच ढकलले. तेव्हा ती पोट घासत, खांबाभोवती एक फेरा सरपटली. "मी आता तुमची" हे शब्दही तिने म्हटले. ते कोणालाच नीट ऐकू आले नाहीत, पण सगळ्यांनी आनंदाने आरोळी ठोकली.

"बघ! झालं ना?" शेळी तलंगेला म्हणाली. "उगाच बाऊ करत होतीस."

गंजी विसकटली होती, त्यामुळे मांजरीला परत जायला फट उरली नव्हती. ती मोडक्या गाडीखाली भिंतीकडे तोंड करून पडली. आता तिला नियमाप्रमाणे पूर्ण वाटा मिळत होता. तो तिच्यापुढे वाळत होता. तलंग तिच्याजवळ बसली, दाणे टिपत राहिली, काहीबाही बोलत राहिली. पण मांजरीने मान वळवली नाही. तिच्या दृष्टीने आता सगळेच पाय सारखे होते. भाकरीला मुंग्या लागल्या. एका सकाळी मुंग्या भाकरी सोडून पुढे गेल्या, तेव्हा तलंगेला कळले.

"मुळातच अशक्त होती," कुत्रा म्हणाला.

"पण फेरा झाला ते बरं झालं," शेळीने सुस्कारा सोडला. "आपली होऊन गेली बिचारी."

पुढे मालकिणीने पंख मोडलेले एक बदक आणले. ते पाण्याच्या रांजणामागे जाऊन दडले. बैलाने तलंगेला बोलावले. "नव्यांशी तुझं जमतं. बाहेर काढ त्याला आणि फिरव. तुझं ऐकेल ते."

"नाही," तलंग म्हणाली.

"नाही म्हणजे?" कुत्रा गुरकावला.

"नाही म्हणजे नाही. मी फिरवणार नाही आणि तुम्हालाही फिरवू देणार नाही. ते रांजणामागे आहे, तिथंच राहील. त्याचा वाटा मी तिथं नेऊन देणार. एकीला तुम्ही आपली करून मारलंत. आता कोणाला आपलं करायचं असेल, तर आधी मला तुडवून जा."

ती रांजणासमोर उभी राहिली. पिसे फुलवूनही ती शेळीच्या गुडघ्याएवढीच दिसत होती. कुत्र्याने बैलाकडे पाहिले. बैलाने शेळीकडे पाहिले. शेळी जमिनीकडे पाहू लागली. बैलाचा रवंथ थांबला होता.

तात्पर्य : भ्यालेल्याला ओढून आपले करता येत नाही, त्याच्याजवळ बसून वाट पाहावी लागते, आणि जो नियम ही वाट पाहू देत नाही, तो वडीलधाऱ्यांनी घातलेला असला तरी मोडावा.