मुद्द्याशी संबंध नाही

“...आणि मग त्या नेमाचं उद्यापन कधी केलंत, आक्का?” श्रीरंगनं विचारलं. थोडं चेष्टेनंच.

गोदाक्का वाती वळत होत्या. त्यांना उत्तराची घाई नव्हती.

नेमाची ती गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. आक्का शाळेत मराठी शिकवायच्या, तेव्हाची. चातुर्मासात कुणी कांदा सोडतं, कुणी वांगं सोडतं. त्या वर्षी आक्कांनी लाल शाई सोडली. दत्तासमोर तळहातावरून पाणी सोडलं आणि सांगितलं, पोरांच्या वह्यांवर लाल रेघ ओढणार नाही. हेडमास्तर हसले. मुलंही आधी हसली, आणि मग पानंच्या पानं लिहायला लागली. त्यातलाच एक हा श्रीरंग.

“उद्यापन राहिलंच,” आक्का म्हणाल्या. “कार्तिक उजाडला, पण दौत काही पुन्हा उघडावीशी वाटली नाही.”

“माझ्या लाल रंगाला शाईच लागत नाही!”

असं म्हणून त्यानं लॅपटॉप उघडला आणि आक्कांच्या पुढ्यात सरकवला. श्रीरंग आता तालुक्याच्या कॉलेजात प्राध्यापक होता. आक्का घाटावरच्या दत्तमंदिरामागे एका खोलीत राहत. उन्हं कलायला लागली होती.

“मुलं निबंध यावरच लिहून पाठवतात,” तो सांगू लागला. “मी यावरच तपासतो. खोडलेलं लाल दिसतं. शेजारी समासात माझा शेरा उमटतो. नेहमीचे शेरे साठवून ठेवलेत मी. कळ दाबली की शेरा हजर. सगळा वर्ग एका दुपारीत हातावेगळा.”

“आणि वाचतोस कधी?”

“तेच तर वाचणं, आक्का. नजर फिरवली की चूक दिसते.”

“चूक दिसते...” आक्कांनी नवा कापूस घेतला. “मग इथं कशाला आलास? पाठ थोपटून घ्यायला?”

श्रीरंग हसला. पण ते हसू टिकलं नाही.

“उद्या कॉलेजातल्या सगळ्यांना मी ही पद्धत दाखवणार आहे. नमुना म्हणून एका मुलीचा निबंध घेतलाय. रोहिणी मगदूम. वर्गातली सगळ्यात गुणी पोर. मी सुचवलं ते सगळं सुधारून निबंध आरशासारखा लख्ख करून पाठवला तिनं. उद्या तिलाही बोलायला उभं करणार होतो. आणि ती सोमवारपासून येतच नाही. फोन बंद. काल चहाला घाटगे सर सगळ्यांदेखत म्हणाले, ‘पळवून लावलंस की रे पोरीला.’”

“खरंच पळवून लावलंस?”

“मी कधी आवाज चढवत नाही, आक्का. एक वाकडा शब्द लिहीत नाही. तुम्हीच सांगा, माझं चुकलं कुठं?”

आक्कांनी पडद्यावरच्या रोहिणीच्या निबंधाकडे पाहिलं. पान गोवर उठल्यासारखं दिसत होतं.

“तुझं हे सगळं झाकता येतं?”

“येतं की. एका बटणावर.”

“झाक मग. तिनं लिहिलेलं तेवढं राहू दे. आणि वाच. मोठ्यानं वाच.”

त्यानं बटण दाबलं. लाल सगळं नाहीसं झालं. निबंधाचं नाव होतं, ‘माझ्या गावाचं पाणी’.

श्रीरंग वर्गात वाचावं तसं ठसक्यात वाचू लागला. ओढा आला, हापसा आला, टँकरपुढची भांडणं आली. एका ठिकाणी बायकांच्या शिव्या तिनं हुबेहूब उतरवल्या होत्या. आक्का खुदकन हसल्या. तोही हसला. हे एवढं गमतीचं आहे, हे त्याला आजच कळत होतं.

मग विहीर आली.

“‘आमच्या मळ्यातल्या विहिरीला कठडा नाही. माझं लग्न ठरवलंय. मला शिकायचंय, हे घरात कुणाला ऐकू जात नाही. रोज संध्याकाळी मी विहिरीवर जाऊन उभी राहते. पाणी खूप खाली आहे...’”

तो थांबला.

“पुढं?”

त्याची नजर पुढच्या ओळीवर जाऊन अडकली होती.

“श्रीरंगा, पुढं वाच.”

“‘सर प्रत्येक ओळ वाचतात, म्हणून इथं लिहिलं.’”

घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

आक्कांचे हात मांडीवर तसेच राहिले होते. अर्धी वात बोटांत.

“आता तुझं दाखव.”

त्याला ते बटण सापडेना. मग सापडलं. विहिरीचा सगळा परिच्छेद लाल झाला. प्रत्येक ओळीवरून आडवी रेघ. समासात शेरा : मुद्द्याशी संबंध नाही. वगळावे.

आक्कांनी डोळे बारीक करून तो सावकाश वाचला. त्यात एक वाकडा शब्द नव्हता.

“आणि त्याच्याखाली हे बारीक कुणी लिहिलंय?”

श्रीरंग वाकला. ही फाईल त्यानं तपासून पाठवल्यावर आजवर पुन्हा उघडलीच नव्हती. तिची सुधारलेली प्रत आली, त्यानं गुण दिले, विषय मिटला होता.

“शेऱ्याला... शेऱ्याला मुलांना उत्तर देता येतं खाली.”

“वाच.”

“‘वगळलं, सर. आभारी आहे.’”

आक्का अरेरे म्हणाल्या नाहीत. त्याला रागावल्या नाहीत. असू दे, असंही म्हणाल्या नाहीत.

“मी वाचलंच नव्हतं, आक्का,” श्रीरंग म्हणाला. “दोन ओळी पाहिल्या. निबंध पाण्यावर, ही लग्नाचं काय सांगते... म्हणून कळ दाबली. देवाशप्पथ, वाचलंच नव्हतं.”

त्यानं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग लॅपटॉप ओढून घेतला आणि तिच्या त्या बारीक ओळीखाली लिहायला लागला. रोहिणी. पुसलं. प्रिय रोहिणी. पुसलं.

“काय लिहू, आक्का? तुम्ही शब्द सांगा. तुम्ही सांगाल ते जसंच्या तसं लिहितो.”

“गाव कुठलं तिचं?”

“आंबेमाळ. नदीपलीकडे, टेकडीच्या अंगाला.”

आक्कांनी दाराबाहेर पाहिलं. पिंपळाची सावली पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली होती.

त्या भिंतीला धरून उठल्या. मांडीवरच्या वाती जमिनीवर सांडल्या. त्या तशाच राहू दिल्या. आत जाऊन त्यांनी दत्तासमोर हात जोडले. अंगाऱ्याची पुडी पदराच्या टोकाला बांधली. देवळातल्या गुरवाला हाक मारून सांगितलं, “आरतीला थांबू नका माझ्यासाठी.”

“आक्का, तुमचे गुडघे...” श्रीरंग म्हणाला. “मी आधी प्राचार्यांना विचारतो. कुणाच्या घरच्या गोष्टीत आपण असं एकदम... तिचे वडील दारात उभं करतील का? आणि मी म्हणू काय त्यांना?”

आक्का पायरीवर बसून पायानं चपला चाचपत होत्या.

“आक्का...” तो म्हणाला. “सोमवारपासून आली नाहीये ती. आपल्याला उशीर झाला असला तर?”

चपलेचा अंगठा आक्कांना पटकन सापडेना. एक पाय गेला. मग दुसरा. काठी उचलली. वळून पाहिलं, तर हा अजून उंबऱ्याच्या आतच, उघडा लॅपटॉप छातीशी धरून.

“मी चपला घातल्या, बाळा,” त्या म्हणाल्या. “तूही घाल.”