पोटात न घ्यायचं औषध

नदीकाठच्या एका पेठेत एकदा एक कापडाचा व्यापारी आजारी पडला, आणि त्याला नेमकं काय झालं आहे ते कोणालाच सांगता येईना.

ताप नाही, खोकला नाही, अंगावर कुठे सूज नाही. जन्मभर दुकानाच्या गादीवर बसलेला हा माणूस त्या वर्षी गुढीपाडव्याला दुकान मुलाच्या स्वाधीन करून घरी बसला होता. आता सुखानं राहायचं, असं सगळे म्हणाले, आणि तोही म्हणाला. मग हळूहळू त्याचं जेवण तुटत गेलं. आधी रात्रीची भाकरी सुटली, मग दुपारची अर्ध्यावर आली. दसरा उलटला तोवर तो नुसता ताटावर बसायचा, भात इकडचा तिकडे करायचा आणि ‘पोट भरलं’ म्हणून उठायचा. अंगरखा त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. ताट उचलताना त्याची बायको रोज पदरानं डोळे पुसायची.

त्या गावात एक वृद्ध वैद्यराज होते, आणि त्यांच्यापाशी शिकून तयार झालेला एक शिष्य होता. पाठांतर चोख, नाडी अचूक, बोलणं लाघवी. वैद्यराजांनी व्यापाऱ्याला त्याच्यावर सोपवलं. म्हणाले, “हा तुझा पहिला रोगी. सांभाळ.”

शिष्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांच्या कडा पाहिल्या. यकृत ठीक होतं, जठर ठीक होतं. चार गोष्टी विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं की बिघाड शरीरात नाहीच. या माणसाच्या मनाला दिवसभर धरायला काही उरलेलं नाही, आणि मन असं लोंबकळत राहिलं की भूक आधी मरते. निदान अगदी बरोबर होतं. घोटाळा झाला तो त्यानंतर. रोग अचूक ओळखला की वैद्याला वाटू लागतं, आपल्याला सुचेल ते औषधही अचूकच असणार.

“शेठ, तुम्हाला एखादा छंद हवा,” तो म्हणाला. “तुम्हाला काय आवडतं?”

व्यापाऱ्यानं बराच विचार केला. “काही नाही,” तो म्हणाला.

“मग मी सांगतो. वीणा शिका.”

शिष्याच्या मनात वीणेबद्दल अपार आदर होता. वीणेनं चित्त स्थिर होतं, वाणी शुद्ध होते, थोरामोठ्यांच्या घरी ती वाजते. त्यानं वीणा नुसती सुचवली नाही, रीतसर दिली. पहाटे, अनशापोटी, सूर्योदयापूर्वी, वाजवून झाल्यावर कोमट दूध, आंबट वर्ज्य. छंदाला मात्रा, वेळ आणि पथ्य जोडणारा असा वैद्य त्या पंचक्रोशीत पूर्वी कोणी झाला नसावा.

व्यापारी आज्ञाधारक होता. वीणा आली, शिकवणारे बुवा आले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दुकान उशिरा आवरलं आणि उन्हं आल्यावर डोळे उघडले, तो पहाटेच्या गारठ्यात शाल गुंडाळून बसू लागला. त्याला षड्ज आणि पंचम यांतला फरक कळत नव्हता, आणि आपल्याला तो कळत नाही एवढं मात्र चांगलं कळत होतं. काढा घ्यावा तशी तो वीणा घेई, डोळे मिटून, एकदाचं संपू दे म्हणून. महिन्याभरानं बुवांनीच रजा मागितली.

शिष्य खचला नाही. त्यानं बाग सांगितली. मातीशी नातं जडलं की मन रमतं, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. परंतु शेठचे गुडघे मांडी घालून घालून केव्हाच कामातून गेले होते. मोगऱ्याला आळं करायला म्हणून तो उकिडवा बसला, तो त्याला उठताच येईना. शेवटी गड्यानं काखेत हात घालून त्याला उभं केलं. सून ओसरीवर उभी राहून हे पाहत होती. त्या दिवशी त्यानं ताटाला हातही लावला नाही.

शिष्य तिसऱ्यांदा आला, तेव्हा तो बुद्धिबळाचा विचार करून आला होता. व्यापाऱ्यानं त्याला बोलूच दिलं नाही. हात जोडून तो शांतपणे म्हणाला, “धाकटे वैद्य, तुमच्या औषधात खोट नाही. मीच कोरडा माणूस आहे. कापड विकायचं एवढंच माझ्यात होतं. ते संपलं. आता मला उगाच धरून ठेवू नका.”

दाराआड उभ्या असलेल्या बायकोनं ते ऐकलं. शिष्य पायऱ्या उतरत असताना ती मागोमाग आली. “हे रागावत होते तोवर मला धीर होता,” ती म्हणाली. “आता रागावतही नाहीत. मी काय करू, ते सांगा मला.”

एवढी वर्षं केलेलं पाठांतर त्या बाईपुढे शिष्याच्या काही कामी आलं नाही. त्याला भीती वाटली, आणि लाजही वाटली; कारण छंद नव्हता तोवर हा माणूस नुसता रिकामा होता, आपण मध्ये पडल्यावर तो स्वतःला नालायक समजू लागला, हे त्याला दिसत होतं. तो तडक गुरूंकडे गेला आणि घडलं ते सगळं त्यानं सांगितलं. वैद्यराजांनी ऐकून घेतलं. “उद्या मी येतो,” एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वैद्यराज व्यापाऱ्याच्या घरी गेले, पण त्यांनी त्याची नाडी धरली नाही, की खाण्यापिण्याचं विचारलं नाही. म्हणाले, “शेठ, आज बाजाराचा दिवस. मला जरा फिरून यायचंय. म्हातारा माणूस, तोल जातो. तुमचा हात धरू का?”

ज्याला स्वतःला आधार हवा, त्याच्याकडेच वैद्यानं आधार मागितला! व्यापारी गोंधळला, पण वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? त्यानं पागोटं चढवलं आणि वैद्यराजांनी त्याचं कोपर धरलं. शिष्य मागून चालू लागला.

ती सगळी फेरी शिष्याला व्यर्थ वाटली. वैद्यराज एक शब्द बोलेनात. दुकानांकडे बघेनात. त्यांची नजर सारा वेळ खाली, रस्त्यावर. ठेच लागेल म्हणून भीत असावेत, असं शिष्याला वाटलं. वाद्यांचं दुकान गेलं, फुलांचा बाजार गेला, पाखरांच्या पिंजऱ्यांपाशी केवढी गर्दी होती, तीही मागे पडली. मग नदीकडे उतरणाऱ्या रंगाऱ्यांच्या आळीत दोघं शिरले. तिथला आंबूस दर्प शिष्याला सोसेना. तो उपरणं नाकाला लावून कोपऱ्यावरच थांबला. लांबून त्याला एवढंच दिसलं की एका मोठ्या पातेल्यापाशी व्यापारी उभा राहिला आहे आणि त्याचे ओठ हलताहेत. दोघं परतले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

आपल्या घरी आल्यावर वैद्यराजांनी शिष्याला कोठीतून मंजिष्ठा काढायला सांगितली. हिरडा सांगितला. तुरटी सांगितली. आणि मात्रा अशी सांगितली की शिष्याचा हात थबकला.

“गुरुजी, एवढी मंजिष्ठा अख्ख्या गावाचं रक्त शुद्ध करील!”

“बांध. आणि शेठना देताना सांग, यातलं काहीही पोटात घ्यायचं नाही.”

शिष्य गाठोडं घेऊन निघाला खरा, पण त्याच्या मनात नाही नाही ते आलं. गुरूंचं वय झालं, आता चुका होऊ लागल्या, असंही येऊन गेलं. व्यापाऱ्यानं गाठोडं सोडलं. मंजिष्ठेची एक काडी उचलून मोडली, तिचा आतला तांबडेपणा उजेडाकडे धरून पाहिला, आणि तो तसाच बसून राहिला. त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं बायकोला हाक मारली आणि माळ्यावरचं जुनं तांब्याचं पातेलं अजून आहे का, ते विचारलं.

आता शिष्याला राहवेना. परत येऊन तो गुरूंच्या पुढ्यात बसला. “मी काही समजलो नाही,” तो म्हणाला.

वैद्यराज म्हणाले, “तू त्याला विचारलंस, काय आवडतं. तो म्हणाला, काही नाही. तो खोटं बोलत नव्हता. ज्याला जन्मात कोणी हे विचारलं नाही, त्यानं एका दिवसात काय उत्तर द्यावं? म्हणून मी त्याला विचारलंच नाही. त्याचे पाय पाहत राहिलो. नको असलेल्या सोयऱ्याच्या दारावरून जावं तसा तो वाद्यांच्या दुकानावरून गेला. फुलांपाशी पाय अडले नाहीत, पाखरांपाशी अडले नाहीत. रंगाऱ्यांच्या आळीत मात्र ते आपसूक मंदावले. मग तो आपणहून बोलू लागला. लहानपणी त्यानं एकदा रंगाच्या पातेल्यात कोपरापर्यंत हात बुडवले होते. वडिलांनी चिंच लावून ते घासघासून धुतले, आणि बजावलं की हे हात कापड मोजायचे, रंगवायचे नव्हेत. तेव्हापासून दुसऱ्यांनी चढवलेले रंग त्यानं विकले. आणि मंजिष्ठा जशी रक्तासाठी, तशीच तांबड्या रंगासाठी; हिरडा-तुरटीनं तो कापडावर बसतो.”

“म्हणजे नुसती आवड ओळखायची?”

“तेवढ्यानं भागत नाही. त्याला आवड पोहण्याची असती तर या गुडघ्यांना घेऊन तो काय करणार होता? त्याचा दिवस बघ. पातेल्याशी पाटावर बसता येतं. परसातली चूल स्वयंपाकघराला लागून आहे, म्हणजे माणसांची जाग कानावर राहते, आणि सारं आयुष्य गजबजाटात काढलेल्याला ती हवी असते. उन्हं आल्यावर काम सुरू केलं तरी रंग रुसत नाही. आणि तो माल न्याहाळत जगलेला माणूस आहे, त्याच्या नजरेला काम मिळतं. छंद माणसाच्या दिवसात मावावा लागतो, बाळा. दिवस मोडून बसवलेला छंद घरात पाहुण्यासारखा राहतो, आणि पाहुणा किती दिवस राहणार?”

“म्हणजे माझी पहाटेची वीणा,” शिष्य म्हणाला.

“तू त्याला वीणाच का दिलीस?” वैद्यराजांनी विचारलं.

“मला ती थोर वाटते,” शिष्य हळूच म्हणाला.

“आहेच ती थोर. पण त्या माणसाला भूक लागावी एवढंच आपलं काम होतं. तू त्याला मोठा करायला निघालास.”

हे बोलताना वैद्यराजांच्या स्वरात राग नव्हता, आणि म्हणूनच शिष्याला ते फार लागलं. आपण सज्जनपणे, कळवळ्यानं, एका आजारी माणसावर आपलीच आवड लादत होतो, हे त्याला आज स्पष्ट दिसलं.

मध्ये काही दिवस गेले. शिष्याचा पाय त्या घराकडे वळेना. अखेर एका दुपारी धीर करून तो गेला. दारात व्यापाऱ्याची बायको भेटली. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला मागच्या परसात नेलं.

व्यापारी पाटावर बसला होता. बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे. लोक काय म्हणतील ही धास्ती त्याला होती, पण ‘वैद्यराजांचा उपाय चाललाय’ असं सांगितलं की विचारणारा गप्प होई. हिरड्याच्या पाण्यात भिजवून, तुरटी लावून वाळवलेलं उपरणं त्यानं सकाळीच मंद आचेवर मंजिष्ठेच्या पाण्यात सोडलं होतं. आता त्यानं ते काठीनं उचललं, पिळलं, आणि लंगडत लंगडत अंगणात नेऊन उजेडात धरलं. दुकानात तो गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी असंच करी.

उपरणं पार बिघडलं होतं. एका टोकाला सुरेख तांबडं, दुसरीकडे विटकरी, मधे घडी राहून गेली होती तिथे लांबलचक फिकी रेघ. शिष्याला वाटलं, हाही प्रयोग फसला, आता हा माणूस पुन्हा तेच म्हणणार, मीच कोरडा.

व्यापाऱ्यानं उपरणं उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. “हा माल दुकानात आला असता,” तो म्हणाला, “तर आणणाऱ्याला मी पायरीवरूनच परत धाडला असता.”

असं म्हणून ते ओलं उपरणं त्यानं स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

“उकळी आली, तिथे बिघडलं,” तो बायकोकडे वळून सांगू लागला. “आच जास्त झाली. उद्या शेणी दोनच लावू. आणि घडी राहता कामा नये, उद्या मी हातानंच फिरवीन. भाकरी झाली का गं? वाढ, सकाळपासून पोटात काही नाही.”

ती तिथेच उभी राहिली. मग एकदम पाठ फिरवून घरात गेली, आणि भाकरी थापल्याचा आवाज परसात येऊ लागला.

शिष्यानं या घरी किती फेऱ्या घातल्या होत्या, किती परींनी तो या माणसाशी बोलला होता! पण ‘उद्या’ हा शब्द शेठच्या तोंडून त्यानं आज प्रथम ऐकला. तो नाडी पाहायला आला होता. आता त्याला तिची गरज वाटली नाही. काही पथ्य सांगावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं, तेही त्यानं सांगितलं नाही. व्यापारी जेवत होता, तुरटीबद्दल बोलत होता, आणि बायकोनं न विचारता वाढलेली दुसरी भाकरी बोलता बोलता संपवत होता. हात धुऊनही त्याची बोटं तांबडीच होती. शिष्य बाजूला बसून ऐकत राहिला.

कोणाला छंद सुचवायचा असेल, अगदी स्वतःला सुद्धा, तर तो किती थोर आहे हे मागाहून पाहावं. आधी त्या माणसाचा दिवस पाहावा.