पौषातला वाळा

पौषातल्या एका सकाळी गोजराला वाळ्याचा वास आला आणि तिच्या हातातली कुपी निसटता निसटता राहिली. वास चांगलाच होता. चुकला होता तो ऋतू.

गोष्ट फार जुनी, आपल्या पणज्यांनी त्यांच्या पणज्यांकडून ऐकलेली. तेव्हा कातळशेतात कुणी आपल्या मनानं अत्तर लावत नसे. ते ठरवायची गोजरा अत्तरवाली. ती आधी माणसाच्या मनगटाला अत्तराचं बोट टेकवायची, मग त्याला जात्यावर बसवून शेरभर दळायला लावायची आणि अंगाला ऊब आली की हुंगायची. एकच अत्तर दोन अंगांवर सारखं वागत नाही, असं ती सांगे. श्रावणात केवडा, थंडीत हिना, हळदीला मोगरा, मयताच्या घरी चंदन. वाळा मात्र उन्हाळ्यापुरता. तो अंगाला गारवा देतो, म्हणून थंडीत त्याची कुपी उघडायचीच नाही. गोजरानं निवडलेला गंध लुगडं सात वेळा धुतलं तरी जात नसे, असं म्हणतात.

मग पौषात वाळा कुणाचा? गोजराला ते ठाऊक होतं, म्हणूनच तिला धडकी भरली. तो तिनंच दिला होता, चोरून, भागाबाईच्या नव्या सुनेला. चिमाची पहिली संक्रांत जवळ आली होती. हळदीकुंकवासाठी गोजरानं हिना काढला तर ती म्हणाली, “हिना नको, गोजराक्का. वाळ्याला माझ्या आईच्या माठाचा वास येतो.”

“अगं, सासूला कळलं तर माझ्या पोटावरच पाय येईल.”

“नाही सांगत,” असं म्हणून चिमानं कापसाचा फाया कानात खोचला होता.

आणि त्या चिमाला भागाबाईनं परवाच माहेरी धाडलं, असं गाव म्हणत होतं. संक्रांत चार दिवसांवर असताना पहिल्या सणाच्या सुनेला कोण धाडतं?

गोजरा भागाबाईकडे गेली. भागाबाई तीळ निवडत बसली होती.

“चिमा कधी येणार, मावशी?”

“येईल तेव्हा येईल.”

“गेली कुणाबरोबर?”

“तुला गं काय करायचंय? अत्तरं विक.”

पण गोजरानं पाहिलं, भागाबाई खडे सुपात ठेवत होती आणि तीळ फेकत होती. दांडीवर चिमाचं नवं काळं लुगडं तसंच घडी करून होतं. दारात उभ्या असलेल्या चिमाच्या नवऱ्यानं मान वर केली नाही. यांनी पोरीचं काही बरंवाईट केलं, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

ती पारावर धावली. वाळ्याचा वास माळाकडून येतोय, चिमाला शोधा, असं तिनं सांगितलं तर तिथली माणसं हसली. गोजरा होतीच उडत्या पाचोळ्याला दचकणारी.

“परवा मांजराला बघून वाघ वाघ करत होतीस ना?” धोंडबा म्हणाला. “आता वास आला म्हणून माळ उकरत बसू?”

मग ती एकटीच निघाली. वास गव्हाच्या रानातून पुढं गेला, ओढा ओलांडून माळावर चढला. तिथं जुनी पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तोंड माणूस मावेल एवढं, पोट खोलीएवढं. टाकून दिलेल्या पेवात विषारी हवा साठते, म्हणून तिकडं कुणी फिरकत नसे. एका पेवाच्या तोंडावरची फरशी कलली होती. वास तिथूनच येत होता.

इतक्यात मागं पाऊल वाजलं. गोजरानं किंकाळी फोडून दगड उचलला.

मागं भागाबाई होती. धापा टाकत होती, डोळे भरले होते.

“मार हवं तर. पण आम्ही नाही गं धाडली तिला. गोवऱ्या आणायला म्हणून माळाकडं गेली ती परत आलीच नाही. वाटलं, पळाली. चार माणसांत कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून म्हटलं, आम्हीच धाडली.”

सुनेला आपणच धाडलं म्हटल्यावर तिला शोधणार कोण? गोजराचा दगड खाली पडला. तिचा संशय खोटा निघाला होता. वास खोटा नव्हता.

तिनं फरशी ढकलली आणि हाक मारली, “चिमाऽऽ!” आपलाच आवाज परत आला. दुसऱ्या हाकेला तेवढंही नाही, नुसता वाळ्याचा लोट वर आला. त्या दोन दिवसांत फायातला वाळा इतका वाढला, की त्यानं पेवातली विषारी हवा रेटून बाहेर काढली आणि पोरीला श्वासापुरती जागा ठेवली, असं म्हणतात.

कातळशेतात अजूनही संक्रांतीच्या सकाळी बायका कानात फाया खोचून माळावर जातात. थंडीतला वाळा त्या एका सकाळी चालतो, त्याला गोजराचा वाळा म्हणतात. बुजवलेल्या पेवापाशी उभ्या राहून त्या दूर असलेल्या प्रत्येक लेकीसुनेच्या नावानं तीन हाका मारतात. दोन हाका एकीनं मारायच्या, तिसरी सगळ्यांनी मिळून.

कारण तिसऱ्या वेळी गोजराच्या हाकेत भागाबाईनंही आपला आवाज मिसळला होता. दोघी पेवाच्या तोंडाशी पालथ्या पडून ओरडल्या, आणि मग खालून, अगदी बारीक, कुणीतरी म्हणालं,

“हळू ओरडा, आत्याबाई. डोळ्यांत माती पडतेय.”